भाऊबीजेची पुस्तकांची पिशवी

दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत आणि माझ्या पलंगाखाली पुस्तकांची पिशवी भरायला लागलीये. दरवर्षीचंच आहे हे. मी नोकरीमुळं संभाजीनगरला, माहेर गंगाखेड तालुक्यात, आणि भाऊबीजेला जाताना घरातल्या प्रत्येकासाठी एक पुस्तक न्यायचं हा नेम मी सात-आठ वर्षांपूर्वी धरला तो अजून सुटला नाही. दादा ओवाळणीत जे टाकतो ते बाजूला ठेवायचं, त्याच्यात आपली थोडी भर घालायची आणि पुढच्या दिवाळीची पुस्तकं त्यातून घ्यायची. दादाला हे माहितीये. त्यामुळं ताटात नोट टाकताना म्हणतो, "हे घे, पुढच्या सालचं बियाणं."

घरात माणसं अकरा. आबा म्हणजे माझे आजोबा नव्वदीच्या पुढचे, दादाची बारकी चार वर्षांची, आणि मधे सगळे. अण्णा, आई, दादा, वहिनी, दादाची थोरली जी लातूरला नीटची तयारी करतीये, मधला पाचवीतला, आणि पलीकडच्या खोल्यांत चुलती, चुलतभाऊ आणि त्याची बायको. अकरा माणसांना अकरा पुस्तकं, ऐकायला सोपं वाटतं. पण मला विचाराल तर साडी घेणं ह्याच्यापेक्षा लई सोपं, साडी निदान अंगाला तरी होते सगळ्यांच्या.

पहिल्या वर्षाचं सांगते. तेव्हा मी नेटवर शोधून 'वाचायलाच हवीत अशी पुस्तकं' अशा दोन-तीन याद्या काढल्या, त्यात कुणाचं वय काय ते बघून खुणा केल्या आणि सगळी एकदम मागवली. चांगलीच पुस्तकं होती, नावाजलेली. वाटली, सगळ्यांनी हातात घेतली, छान आहे म्हणाले, फोटो काढला. पुढच्या वर्षी गेले तर टीव्हीच्या वरच्या फळीवर अकरातली आठ पुस्तकं वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता उभी होती, पुसून वगैरे व्यवस्थित. मला लई वाईट वाटलं. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. शेवटी वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका, पन ह्यांला एवढं जाड पुस्तक कवा वाचावं मनून आनलंत? ह्यांला जेवायला टाईम भेटंना."

कवा वाचावं. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पुस्तक चांगलं आहे का, ह्या वयाला चालतं का, एवढंच बघितलं होतं. तो माणूस दिवसात कुठल्या वेळी, कुठं बसून, किती उजेडात, कुणाच्या शेजारी ते उघडणार हे डोक्यातच आलं नाही.

तेव्हापासून दिवाळीचे चार दिवस मी घरात नुसती बघत असते. कोण कधी निवांत बसतं, चष्मा कुणाचा कुठं असतो, कोण कशावर बोलायला लागलं की थांबत नाही. मोबाईलमधे लिहून ठेवते. पिशवी त्याच्यावरून भरते, आणि तरी दरवर्षी दोन-तीन चुकतातच.

दादाचंच आधी. दादा बेचाळीसचा, बारावीनंतर शेतीत. पुस्तक वाचणारा नाही असं सगळे म्हणायचे आणि तो पण म्हणायचा. पण मी बघितलं की रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला तो शेतात जातो, आणि एकदा पाणी सुरू झालं की दांडाला पाणी पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, नुसता बसून असतो. मोबाईल असतो पण आमच्या शिवारात रेंज धड नाही. म्हणजे वेळ होता, रात्री दोन वाजता का होईना होता. आणि बोलायचं काय तो? सोयाबीन. दरवर्षी सोयाबीनवर सोयाबीन, उतारा घटायलाय, खत वाढायलंय, आधी अण्णांच्या काळात ह्याच रानात भुईमूग व्हायचा, करडई व्हायची, जवारी व्हायची.

त्याला मी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं. १९८१ साली आलेलं पुस्तक, गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेला एक पोरगा शिकतो, शेतीचा शास्त्रज्ञ होतो, टस्कीगीच्या संस्थेत जातो आणि तिथल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांना सांगतो की कापसावर कापूस घेऊन जमिनीचा जीव गेलाय, भुईमूग लावा, रताळी लावा. खरं तर हे पुस्तक मराठीत शाळा-कॉलेजातल्या पोरांना बक्षीस म्हणून दिलं जातं. चरित्र म्हणून, जिद्द वगैरे. दादानं ते तसं वाचलंच नाही. त्यानं ते शेतीचं म्हणून वाचलं. डिसेंबरात रात्री सव्वादोनला मला मेसेज आला, व्हॉइस मेसेज, मागं पाण्याचा आवाज: "अगं ते कापसाचं त्यानं जे सांगितलंय ना, ते आपलं सोयाबीनचं झालंय बघ." मी सकाळी ऐकला. तो मेसेज मी अजून डिलीट केला नाही.

पुस्तकाची पानं आता वाकलीत, एका कोपऱ्याला ऑइलचा डाग आहे. मला तो डाग फार आवडतो.

वहिनीचा किस्सा वेगळा. वहिनी दहावी झालेली, वाचायला येतं, आवडतं पण, पण तिला लोक देतात काय तर रेसिपीची पुस्तकं आणि संस्काराची पुस्तकं. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं होतं, स्वयंपाकाचं दिलं होतं. दिवसभर चुलीपुढं असणाऱ्या बाईला तिच्या एकुलत्या एक मोकळ्या तासात परत स्वयंपाकाचंच पुस्तक, हे आता आठवलं तरी मला कसंतरी होतं. तिचा वेळ दुपारी दोन ते तीन. भांडी झालेली, बारकी झोपलेली, आणि ती ओसरीवर खांबाला टेकून बसलेली असते.

तिच्यासाठी मी रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' नेली. बोराडे सर लातूर तालुक्यातल्या काटगावचे, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. 'पाचोळा' १९७१ ची, छोटी कादंबरी आहे, एका शिंप्याच्या घराची गोष्ट, त्या घरातली बाई सांगते, आणि सांगते ती आपल्या गावाकडच्या बोलीत. ती बोली गंगाखेडकडची हुबेहूब नाही, थोडा फरक आहे, पण आपलीच. वहिनीनं पहिलं पान वाचलं आणि मोठ्यानं हाक मारली मला, "ताई, हे तर आपल्यासारखंच बोलायलेत की वो!" तिचा चेहरा मला सांगता येणार नाही. दहावीपर्यंत शिकली ती, पण आपण घरात बोलतो ते कुणी पुस्तकात छापलेलं असू शकतं हे तिनं बघितलंच नव्हतं. शाळेत तर उलट, असं बोललं की मास्तर सुधारायचे.

ती कादंबरी सुखाची नाही. मला थोडी भीती होती की सणाच्या दिवसात आपण हिला रडवायचं कशाला. ती रडली पण. चार दिवसात संपवली, मग चुलतीला दिली, चुलतीनं शेजारी दिली, आणि आता ते पुस्तक गावात कुठं आहे कुणालाच माहिती नाही. मी दुसरी प्रत घेतलीये.

ह्यावरून एक सांगते, मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तक देताय तर एकदा तरी इथलं द्या. गोदावरी आहे, निजाम आहे, दुष्काळ आहे, जातं आहे, हे सगळं लिहिलेलं आहे. पळसखेडच्या ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ च्या, त्या दादाला मी पुढं कधीतरी देणार आहे, पण त्याच्या हाती कविता द्यायला योग्य वेळ बघतीये, घाई केली तर तो त्या पुस्तकाकडं कायमचा पाठ फिरवंल.

आता लेकरांचं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात कारण सगळ्यांना वाटतं की पुस्तकावर 'वय ८ ते १२' लिहिलंय म्हणजे झालं काम. आमचा मधला दुसरीत होता तेव्हा मी त्याला 'श्यामची आई' दिलं होतं. का, तर सगळेच देतात. बोलायला चुणचुणीत होता म्हणून मला वाटलं वाचेल. पण तो तेव्हा जोडाक्षरावर अडखळायचा, एका ओळीत दोन जोडाक्षरं आली की ओळच सोडून द्यायचा, आणि हे कुणाला कळू नये म्हणून चित्र बघितल्यासारखं करायचा. मी त्याच्या शेजारी बसून वाचून घेतलं तेव्हा समजलं. मग माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीनं सांगितलेली सोपी युक्ती वापरली, लेकराला मधलं कुठलंही एक पान वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्यानं एक बोट उघडायचं, पान संपायच्या आत पाची बोटं उघडली तर ते पुस्तक अजून जड आहे. बाजूला ठेवायचं, रागवायचं नाही, वर्षानं परत बघायचं. त्याला हा खेळच वाटला. दुकानात न्या लेकराला आणि हे करा, दुकानदार काही म्हणत नाही.

'श्यामची आई' मात्र वाया गेली नाही. साने गुरुजींनी त्यातली प्रकरणं रात्रींमधे पाडलीत, श्याम आश्रमात रोज रात्री एकेक आठवण सांगतो अशी मांडणी आहे, म्हणजे ते मुळात ऐकायच्याच घाटाचं पुस्तक आहे. वहिनीनं मग ते रोज रात्री अंथरुणात एकेक रात्र असं वाचून दाखवलं. मधल्यानं ऐकलं, थोरलीनं ऐकलं, आबांनी पलीकडच्या बाजेवरून ऐकलं. १९३५ चं पुस्तक, कोकणातलं घर, आणि ऐकणारी सगळी परभणी जिल्ह्यातली. मधल्यानं विचारलं, "समुद्र आपल्या गोदावरीपेक्षा केवढा असतो?" आबांनी समुद्र आयुष्यात बघितला नाही. ते म्हणाले, "पलीकडचा काठ दिसत नसंल."

स्वतः वाचायला त्याला मी 'किशोर' लावून दिलं. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे, स्वस्त आहे, आणि त्याच्यात कविता, कोडी, गोष्ट, विज्ञान असं सगळं तुकड्या-तुकड्यांत असतं, एक नाही आवडलं तर पान उलटायचं. पण खरी गंमत वेगळीच आहे, ते पोस्टानं त्याच्या नावावर येतं. पोस्टमन दारात उभं राहून त्याचं पूर्ण नाव घेतो, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आमच्या घरात तोवर पोस्टानं यायची ती बँकेची नोटीस नाहीतर लग्नपत्रिका. जुने अंक बालभारतीनं नेटवर पण टाकलेत, थोरली हॉस्टेलवरून कधीमधी ते बघते.

थोरलीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण मला तिची काळजी वाटते. सतरा वर्षांची पोर, लातूरला हॉस्टेलवर, सकाळी सहा ते रात्री अकरा वेळापत्रक, दर आठवड्याला टेस्ट. ह्या वयाच्या पोरांना नातेवाईक हमखास देतात ती यश कसं मिळवावं, सवयी कशा लावाव्या, वेळेचं नियोजन असली पुस्तकं. तिच्याकडं अशी पाच जमली होती, सगळी भेट आलेली. मी तिला विचारलं तुला काय पाहिजे, तर म्हणाली, "आत्या, ज्याच्यावर प्रश्न येणार नाही असं कायपण."

मी तिला 'फास्टर फेणे'चे दोन भाग दिले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर फिरणारा, किडकिडीत, कुठंही संकटात उडी घेणारा. पुस्तक दहा-बारा वर्षांच्या लेकरांचं. तिची लहानपणी राहून गेली होती, तेव्हा आमच्या घरात पुस्तकं नव्हतीच ना. घरातले म्हणाले एवढ्या मोठ्या पोरीला हे काय लहान लेकराचं. तिनं ती हॉस्टेलवर नेली, टेस्टच्या दिवशी संध्याकाळी एक प्रकरण अशी वाचली, मग रूममधल्या दुसऱ्या पोरींनी वाचली. मला फोनवर म्हणाली, "वाचताना मला कुणी हुशार व्हायला सांगत नव्हतं. बरं वाटलं." मी फोन ठेवून खूप वेळ तशीच बसले होते.

म्हणून मला ते पुस्तकावरचं वय छापायचं पटत नाही. लहान लेकराला जड पुस्तक देऊ नये एवढ्यापुरतं ठीक आहे. मोठ्याला लहानाचं पुस्तक नको हे कुणी ठरवलं?

आबांच्या बाबतीत तर हेच झालं. आबांचा जन्म निजामाच्या राज्यातला. चौथीपर्यंत मराठी आणि तिथून पुढं शाळा उर्दूत, सातवीपर्यंत. अजून पैसे मोजताना उर्दूतच पुटपुटतात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते पंधराएक वर्षांचे होते, रझाकारांचे दिवस त्यांनी डोळ्यानं बघितलेत. मला वाटलं ह्यांना मुक्तिसंग्रामावरचं पुस्तक द्यावं, ह्यांच्याच आयुष्यातलं आहे, आवडीनं वाचतील. मुद्दाम शोधून चांगलं आणलं. त्यांनी चष्मा लावला, तीन-चार पानं वाचली आणि मिटून माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "हे बघितलंय बाई म्या. परत कशाला दाखवतीस." रागानं नाही, अगदी हळू. मला तेव्हा कळलं की माणसाच्या आयुष्यातलं आहे म्हणून त्याला ते वाचायचंच असेल असं नाही. मी ते पुस्तक स्वतः वाचलं, आणि मग त्यांनी का मिटलं ते समजलं.

मग दुसऱ्या दिवशी काय झालं, बारकीसाठी मी पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं, पानभर एक पक्षी आणि खाली मोठ्या अक्षरात नाव, बास. बारकी ते घेऊन आबांच्या बाजेवर चढली. आबांनी एकेक पान बघायला सुरुवात केली आणि खालचं नाव न वाचताच सांगायला लागले, ही टिटवी, हा व्हला, हे चितूर, ह्याला आमी कोतवाल मनायचो, हा असा पावसाच्या आधी ओरडतो. पुस्तकातली नावं काही जुळली, काही वेगळी निघाली. मधला शेजारी येऊन बसला आणि त्यानं पेन्सिलीनं छापलेल्या नावाखाली आबांनी सांगितलेलं नाव लिहायला घेतलं. दोन तास. जेवायला हाक मारली तरी कुणी उठंना. पुस्तक चार वर्षांच्या लेकराचं, अक्षर ठळक, चित्र मोठं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या डोळ्यालासुद्धा दिसेल असं. तिघांचे मिळून शंभरच्या वर वय आणि पुस्तक एकच.

ह्या वर्षी आबांनी झाडांचं मागवलंय. पिशवीत पडलंय.

म्हाताऱ्या माणसांसाठी घेताना मी आता आतला मजकूर नंतर बघते, आधी अक्षराचा आकार बघते. मग कागद. गुळगुळीत चकचकीत कागद ट्यूबलाईटखाली चमकतो, त्यांना अक्षर दिसत नाही आणि बिचारे म्हणतात डोळे गेले. मग वजन. पडून वाचणाऱ्याला जाड ग्रंथ छातीवर पेलत नाही. आईचं उदाहरण घ्या, आई चौथी शिकलेली, श्रावणात पोथी वाचते तेवढंच, बाकी वर्षभर अक्षराशी संबंध नाही. तिला मी जनाबाईचे अभंग मोठ्या टाइपातले दिले. जनाबाई आमच्या गंगाखेडचीच, दळण-कांडणाचे अभंग आईला निम्मे तोंडपाठ. पाठ असल्यामुळं डोळा अडला तरी तोंड पुढं जातं, आणि डोळा मागून येऊन ते अक्षर ओळखतो. असं करता करता जे पाठ नव्हते ते पण ती वाचायला लागली. वाचायची सवय मोडलेल्या माणसाला नवीन गोष्टीपेक्षा ओळखीचं द्यावं हे मला तिच्याकडून समजलं.

बारकीसारख्या लेकरांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मला आवडतात, त्या लिहितात पण स्वतः आणि चित्रं पण स्वतःच काढतात, त्यामुळं चित्र आणि शब्द एकमेकांच्या हातात हात घालून येतात, आणि घरं खरी घरं वाटतात. त्या वयाला एकच सांगणं, फाटणार हे धरून चाला. जपून ठेव म्हणून कपाटात ठेवलेलं पुस्तक लेकराचं होत नाही. आमच्या बारकीच्या एका पुस्तकातलं म्हशीचं पान सुटलंय, ते ती वेगळं उशीखाली घेऊन झोपते.

चुलतभावाचं सोपं गेलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, लांबच्या तांड्यावर, तर त्याला माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. १९५५ ची आहे पण धनगरांच्या वाडीवर एकटा जाऊन पडलेला तरणा मास्तर आणि हा, काही फरक नाही. त्याच्या बायकोला वाचायला अजिबात आवडत नाही, तिनं स्पष्ट सांगितलं, तर तिला मी शिलाई मशीनवर काम करताना ऐकायला मोबाईलवर ऑडिओ लावून दिले. ऐकते आणि खूश आहे, मी पण.

भाषांतरित पुस्तकाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. औरंगपुऱ्यात दुकानात उभी राहून मी कुठलंही भाषांतर घेताना मधला एक परिच्छेद ओठातल्या ओठात वाचते. 'त्याने आपले हात आपल्या खिशांत घातले' असलं काही आलं की जीभ अडकते. खिशात हात घातला म्हणतो ना आपण? हात त्याचाच असणार, खिसा त्याचाच असणार. असं दर चार ओळींनी येत असेल तर मूळ पुस्तक जगात कितीही मोठं असो, गावाकडं कुणी ते दहा पानांपुढं वाचत नाही, आणि वर स्वतःलाच दोष देतात की आपल्याला कळत नाही. हे मला सहन होत नाही. आणि बांधणी बघा, पुस्तक मधोमध पूर्ण उघडून. नुसतं डिंकाचं असेल तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात पानं सुटतात, शिवलेलं असेल तर चार घरं फिरून येतं.

तालुक्याच्या वाचनालयात माझी एक ओळखीची ताई ग्रंथपाल आहे. तिनं मला रंगनाथनांचे पाच नियम सांगितले होते, १९३१ चे, ग्रंथालयशास्त्राचे, त्यात एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि लगेच दुसरा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते म्हणे, म्हणून दोन्ही बाजूंनी मांडलं असेल. मला दुसरा नियम जास्त उपयोगी पडतो. चुकलेलं पुस्तक मी आता घरात पडू देत नाही, ते त्या ताईकडं नेऊन देते. आबांनी परत दिलेलं मुक्तिसंग्रामाचं पुस्तक तिच्याकडून आत्तापर्यंत कितीतरी जणांनी नेलंय, त्यात एक रिटायर्ड मास्तर तर तिसऱ्यांदा घेऊन गेलेत.

राहिले अण्णा. अण्णांसाठी मला एवढ्या वर्षांत एकही पुस्तक सापडलं नाही हे मी खरं सांगते. आत्मचरित्र दिलं, शेतीचं दिलं, संतांचं दिलं, इतिहासाचं दिलं, सगळं उशाला ठेवतात आणि मी निघताना म्हणतात, "वाचतो, वाचतो." माझा बाप खोटं बोलत नाही, पण हे बोलतो, माझ्यासाठी. ते मला टोचतं.

मागच्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात होते आणि दारातून दिसलं की अण्णा भिंतीपुढं उभे आहेत. कॅलेंडरपुढं. एक हात मागं बांधलेला, दुसऱ्या हातानं महिन्याचं पान उचलून धरलेलं आणि मागचा मजकूर वाचतायत. कॅलेंडरच्या मागं लेख असतात ना, आरोग्याचा, कुठल्यातरी गावाचा, जुन्या आठवणीचा, ते. पाच मिनिटं, उभ्यानं, शांतपणे. वाचून झालं, पान खाली सोडलं, सारखं केलं आणि बाहेर गेले. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "रोजचंच हाय. झालेलं पान सुद्धा फेकू देत न्हाईत, ट्रंकेत ठेवलेत." ट्रंक उघडून बघितली. सुतळीनं बांधलेली कॅलेंडरची पानं, सात-आठ वर्षांची. काही ठिकाणी पेनानं रेघ मारलेली.

म्हणजे अण्णा वाचत होते. उभ्यानं, एका पानात संपणारं, भिंतीवर टांगलेलं. मी त्यांच्या उशाला अडीचशे पानं ठेवत होते.

ह्या वेळेला मी छोट्या लेखांचं एक पुस्तक घेतलंय, प्रत्येक लेख दीड-दोन पानांचा, गावांचे, माणसांचे, झाडांचे. टाइप बरा आहे, कागद चमकत नाही, शिवलेलं आहे. काल रात्री वरच्या कोपऱ्यात दाभणानं भोक पाडलं, आतल्या अक्षराला धक्का लागणार नाही असं बघून, आणि त्यातून सुतळी ओवून गाठ मारली. कॅलेंडरशेजारी टांगायचं, त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर.

वहिनीला फोन करून विचारलं की कॅलेंडरचा खिळा घट्ट आहे का. ती म्हणाली, "थांबा, मी शेजारी दुसरा ठोकून ठेवते."